संक्रांतीनंतरचा सोमवार

फरहान मणियारने आलेख पडद्यावर मोठा केला आणि स्वतःची खुर्ची बाजूला सरकवून डॉ. हर्षदा इंगवलेंना जागा करून दिली.

"मॅडम, बाकीच्या नऊ कार्यालयांत रेषा कशी हळूहळू चढत जाते बघा. कोणी या महिन्यात सुरू केलं, कोणी त्या महिन्यात. सवयी अशाच लागतात. आता नाशिकचं बघा."

नाशिकच्या रेषेच्या सुरुवातीलाच एक सुळका उभा होता. दोनशे बारा माणसांपैकी एकशे अडतीस जणांनी बाष्प ओढायला सुरुवात केली होती ती जवळजवळ एकाच वेळी.

"तारीख काय येते?"

"पंधरा जानेवारी २०२९. आठवडाभर इकडेतिकडे. यंत्राची चूक म्हणावी, तर ती फक्त नाशिकलाच कशी होईल? त्या आठवड्यात तिथे नक्की काहीतरी घडलंय. तुम्हाला काही अंदाज?"

हर्षदाला अंदाज करायची गरज नव्हती. तो सोमवार होता. आदल्या दिवशी रविवारी संक्रांत झाली होती, म्हणून कार्यालयात सोमवारी तिळगूळ वाटायचं ठरलं होतं. तिळगुळाच्या पुडीबरोबर प्रत्येकाच्या हातात एक निळी नळी ठेवायची ही कल्पना तिचीच होती.

"नाही रे," ती म्हणाली. "बघावं लागेल."

फरहानने वहीत 'नाशिक: कारण अज्ञात' असं लिहिलं. तीन वर्षं तो तिच्या हाताखाली संख्याशास्त्राचं काम करत होता आणि तिच्या शब्दावर शंका घ्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

पुण्याच्या या संशोधन केंद्रात ज्या यंत्रावर काम चाललं होतं, त्याला सगळे नुसतं 'नळकांडं' म्हणत. माणसाने त्यात दोन मिनिटं शांतपणे श्वास सोडायचा. उच्छ्वासाबरोबर नुसती हवा बाहेर पडत नाही. फुप्फुसाच्या आतल्या अस्तरावरचे अतिसूक्ष्म थेंब आणि झडलेल्या पेशींचे कण त्यात असतात. यंत्र ते गोठवून पकडतं आणि त्यांतला डीएनए वाचतं. डीएनएचा मजकूर आयुष्यभर तोच राहतो, पण त्यावर रासायनिक खुणा होत असतात. पुस्तकात पेन्सिलीने रेघ मारून हा भाग वाचा, हा सोडा, असं सांगावं तशा. तापलेल्या तारेवरून आलेलं बाष्प फुप्फुसात जायला लागलं की या खुणा एका ठरावीक क्रमाने आणि ठरावीक वेगाने बदलू लागतात. म्हणून खुणा मोजल्या की पहिला झुरका कधी घेतला ते सांगता येतं.

यंत्र आणखी एक गोष्ट सांगायचं. फुप्फुस किती ताठर झालं आहे त्याचा अंक, शून्यापासून शंभरापर्यंत. साठाच्या आत असेल तर बाष्प बंद करून नव्या औषधाने ताठरपणा मागे हटत होता. साठ ओलांडले की औषध फक्त वेग कमी करायचं, गेलेलं परत येत नव्हतं. आणि पन्नास ओलांडल्यावरही जो ओढत राहील त्याचा अंक महिन्याला साधारण एकाने वाढत होता.

नाशिकच्या दोनशे बारा जणांतले चव्वेचाळीस पन्नास ते साठच्या मध्ये होते. अभ्यास संपून निकाल सांगायला आठ महिने होते.

देशात ई-सिगारेटवर बंदी होती, पण २०२८ मध्ये निकोटिनविरहित वनौषधी बाष्पाला त्यातून सूट मिळाली आणि 'प्राणिका' नावाची निळी नळी बाजारात आली. ज्येष्ठमध, तुळस, बडीशेप. वनस्पती कितीही गुणी असली तरी ती ज्या द्रवात विरघळवतात तो तीनशे अंशांवर तापला की त्यातून फुप्फुसाला चटके देणारी द्रव्यं तयार होतात, हे तेव्हाही रसायनशास्त्राला माहीत होतं. पण प्रमाण अगदी कमी आहे, असं सांगितलं जात होतं, आणि ऐकणाऱ्यांना तेच ऐकायचं होतं.

हर्षदा तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. नाशिकच्या अंबडमध्ये विम्याचे दावे तपासणाऱ्या एका मोठ्या कार्यालयात आरोग्य अधिकारी म्हणून लागली होती. सहाशे चाळीस माणसं दिवसाचे दहा तास पडद्यासमोर, आणि दर तासाला मागच्या जिन्यात सिगारेट ओढणाऱ्यांची गर्दी. ही गर्दी तिला मोडायची होती. तिने व्यवस्थापनाच्या मागे लागून 'विसावा' नावाची एक खोली मिळवली, तिथे प्राणिका ठेवली आणि जिना रिकामा केला.

सगळ्यात आधी तिने गाठलं ते दिगंबर खैरनारांना. खैरनार तपासणी विभागाचे प्रमुख, दिवसाला बारा सिगारेटी, आणि माणूस असा की ते जे करतील ते अर्धं कार्यालय करेल.

"मॅडम, हे सुरक्षित आहे ना?" त्यांनी नळी उलटीसुलटी करून पाहत विचारलं होतं.

"भाऊ, मी सांगते आहे ना."

तीन महिन्यांनी तिने पाहणीचे फॉर्म भरून घेतले. सिगारेटी ऐंशी टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. हा आकडा पाहून ती खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेली होती, इतका आनंद झाला होता. फॉर्मच्या शेवटी 'इतर तक्रारी' म्हणून मोकळी जागा होती. तिथे एकतीस जणांनी 'कोरडा खोकला' लिहिलं होतं. एकतीसही जण प्राणिका ओढणारे. तिने ते दोनदा मोजलं. मग उन्हाळा आहे, वातानुकूलन आहे, धूळ आहे, असं स्वतःला समजावून ते एकतीस जण 'हवामानाशी संबंधित तक्रारी' या रकान्यात टाकले. तिथे आधीच नव्वद जण होते, त्यांत एकतीस सहज मावले.

अहवाल गाजला. त्यात कार्यालयाचं नाव नव्हतं, 'उत्तर महाराष्ट्रातील एक सेवा-कंपनी' एवढंच होतं, आणि ती कोणती ते पुण्यात कोणाला माहीत नव्हतं. त्याच्या जोरावर साठेक कंपन्यांनी आपल्याकडे प्राणिकेच्या खोल्या उघडल्या, आणि हर्षदाला पुण्याच्या केंद्रात जागा मिळाली. नव्या अभ्यासासाठी दहा कार्यालयं निवडली गेली, त्यांत चिठ्ठीने नाशिकचं नाव निघालं. तेव्हाच तिने सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, काय निघणार आहे त्यात.

फरहान गप्प बसणारा नव्हता. त्याने चव्वेचाळीस जणांना ताबडतोब कळवावं असा प्रस्ताव तयार केला आणि तो केंद्राच्या समितीपुढे आला. यंत्र नवं होतं, चुकीच्या निकालाने माणसं उगाच घाबरू नयेत म्हणून नियम कडक होते. मुदतीआधी निकाल सांगायचा तर यंत्राशिवाय दुसरा, स्वतंत्र पुरावा लागायचा.

समितीचे अध्यक्ष डॉ. कस्तुरे हर्षदाचे जुने मार्गदर्शक. त्यांनी कागद चाळले.

"दुसरा पुरावा काय आहे?"

"सध्या नाही सर," फरहान म्हणाला. "पण इतका सुळका..."

"आणि विरुद्ध पुरावा मात्र आहे. हर्षदा, तुझाच अहवाल आहे की. सहाशे माणसांची पाहणी, बाष्प घेणाऱ्यांना श्वसनाचा काहीही वेगळा त्रास नाही. तो खोडायला माझ्याकडे काहीतरी हवं ना? तुझं काय म्हणणं आहे?"

टेबलाभोवतीची सहा माणसं तिच्याकडे बघत होती. फरहानही बघत होता. त्याच्या नजरेत तर चक्क भरवसा होता.

"नियम आहे तो आहे," हर्षदा म्हणाली.

प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. बाहेर पडल्यावर फरहान म्हणाला, "तुम्ही माझ्या बाजूने बोलाल असं वाटलं होतं." ती काहीतरी पुटपुटली आणि हात धुवायला गेली. 

पुढचे चार दिवस ती नाशिकचे निकाल पुन्हा पुन्हा उघडत राहिली. निकाल नावाने साठवलेले नव्हते, नुसते क्रमांक होते, पण वय, विभाग आणि पूर्वीच्या सिगारेटी यांवरून एक क्रमांक तिला ओळखता येत होता. वय पंचावन्न, तपासणी विभाग, दिवसाला बारा. अंक बासष्ट.

पाचव्या दिवशी सकाळी ती नाशिकला निघाली.

खैरनार पाथर्डी फाट्याजवळ पहिल्या मजल्यावर राहत. दार उघडायला ते स्वतः आले आणि दारातून सोफ्यापर्यंत येऊन बसताना त्यांनी मध्ये एकदा खुर्चीच्या पाठीला हात लावला.

"आज सुट्टीच टाकलीय. वय झालं मॅडम," ते हसून म्हणाले. "जिना चढलो की धाप लागते. पंचवीस वर्षं सिगारेट ओढलीय, ती थोडी तरी वसूल करणारच. तुम्ही नसतात तर आज फोटोला हार असता माझ्या. मी बायकोला नेहमी सांगतो."

हर्षदाने पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"नळकांड्यात फुंकून आलो मी पण," ते पुढे म्हणाले. "तुमचा अभ्यास आहे कळल्यावर आमच्या विभागातले सगळे आणले. काही जण नको म्हणत होते. म्हटलं, मॅडम आपल्याच आहेत. काय आलाय माझा आकडा? सांगायचा नसेल तर राहू दे."

तेवढ्यात दार उघडून त्यांची मुलगी ऋजुता आत आली. बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती. हर्षदाला ओळखून ती हसली, पाठीवरची सॅक काढली आणि आत जाता जाता सवयीने निळी नळी ओठांना लावली. खोलीत बडीशेपेचा गोड वास पसरला.

हर्षदाचा चेहरा पाहून खैरनार म्हणाले, "बारावीच्या वेळी फार टेन्शन घ्यायची हो. झोप नाही, जेवण नाही. मीच दिली. म्हटलं, बाहेरचं काही घेण्यापेक्षा हे आपलं माहितीतलं."

आतल्या खोलीचं दार लागलं.

"भाऊ," हर्षदा म्हणाली, "ते बंद करा. आजच. दोघांनीही."

"का?"

तिने सांगितलं. ताठरपणाचा अंक, साठाची रेषा, त्यांचे बासष्ट. ते ऐकताना खैरनारांनी एकदाही मध्ये विचारलं नाही. विम्याचे दावे तपासणारा माणूस, समोरच्याला पूर्ण बोलू द्यायची सवय होती त्यांना.

"म्हणजे हे आत्ता कळलं," ते शेवटी म्हणाले. "यंत्र आलं म्हणून."

इथे 'हो' म्हणून उठता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही सुरू केल्यावर तीन महिन्यांनी मी फॉर्म भरून घेतले होते. एकतीस जणांनी कोरडा खोकला लिहिला होता. त्यांत तुम्ही होतात. मी तो हवामानाच्या तक्रारींत घातला."

"मी लिहिलं होतं?"

"हो."

"मला आठवतही नाही." ते आपल्या पालथ्या हातांकडे बघत होते. "तुम्ही तेव्हा म्हणाला असता, भाऊ, बंद करा, तर मी केलं असतं."

"केलं असतं."

"तुमच्या शब्दावर सुरू केलं, तुमच्याच शब्दावर बंद केलं असतं. मग ते या घरात आलं नसतं." त्यांचा आवाज चढला नाही. उलट इतका खाली गेला की तिला पुढे वाकून ऐकावं लागलं. "माझं जाऊ द्या. माझ्या छातीत आधीच काय होतं आणि काय नव्हतं. पण पोरीला मी माझ्या हाताने दिलं. पहिल्यांदा कसं ओढायचं ते शिकवलं. इथे, या सोफ्यावर."

हर्षदा काही बोलायला गेली. त्यांनी मान हलवून तिला थांबवलं.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"कोणालाच नाही. तुम्हीच पहिले."

"मग मला सांगून काय उपयोग? बाकीचे आज दुपारी पण ओढतायत ना?" ते उठले, खुर्चीचा आधार घेत दारापर्यंत गेले आणि दार उघडून उभे राहिले. "तुम्ही जा आता. जे करायचं ते लवकर करा."

मूळ फॉर्मच्या प्रती तिच्याकडे होत्या. नऊ वर्षांत तीन संगणक बदलले, दर वेळी ती फाइल तिने नव्यावर उतरवून घेतली होती आणि एकदाही उघडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती डॉ. कस्तुरेंसमोर ठेवली. बरोबर एक पानाचं पत्र होतं. नाशिकचं कार्यालय तेच आहे, सुळका माझ्या कार्यक्रमाचा आहे, आणि एकतीस जण मी लपवले.

कस्तुरेंनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"लपवले असं का लिहिलंस? चुकीच्या रकान्यात गेले असं म्हणता येईल."

"मी मोजून टाकले होते सर."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "समितीत मी तुला विचारलं, तेव्हा तू नियम पुढे केलास. ते मला जास्त लागलं."

फरहानला तिने आपल्या खोलीत बोलावून सांगितलं. त्याने वही उघडली, 'कारण अज्ञात' या शब्दांवर काट मारली आणि त्यापुढे कारण लिहिलं. मग मान वर न करता म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं होतं मॅडम." बस एवढंच. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

पुढे सगळं वेगाने झालं. दोन आठवड्यांत दोनशे बारा जणांच्या घरी पत्रं गेली, विसाव्याची खोली बंद झाली. प्राणिकेची विक्री थांबायला आणखी महिना लागला. हर्षदाचा अहवाल मागे घेतल्याची सूचना प्रसिद्ध झाली, अभ्यासाचं प्रमुखपद फरहानकडे गेलं आणि तिच्यावर चौकशी बसली. समितीच्या बैठकीपासून पत्रं पोचेपर्यंत मध्ये वीस दिवस गेले होते. वाढीच्या हिशोबाने त्या वीस दिवसांत चव्वेचाळीसांतले दोघे साठाच्या पलीकडे गेले. हे आकडे कोणी तिच्याकडे मागितले नव्हते. तिने काढले आणि फरहानला पाठवले.

नाशिकला अंबडच्या एका शाळेच्या सभागृहात तपासणी आणि औषधवाटपाचं शिबिर लागणार होतं. तिथे यंत्र चालवायला मला पाठवा, अशी तिने विनंती केली.

"लोक बोलतील तुला," कस्तुरे म्हणाले.

"बोलू देत."

काही जण बोलले. एक बाई तिला बघून रांगेतून निघून गेली आणि दुसऱ्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. बहुतेकांनी मात्र काहीच न बोलता नळकांड्यात श्वास सोडला. त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

फरहानने नव्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवला होता: 'वापराची शिफारस कोणी केली?' बहुतेक जण 'कंपनी' म्हणत. खैरनार आले, श्वास सोडला, त्रेसष्ट आले. हर्षदाने प्रश्न वाचला आणि पेन धरून वाट पाहिली.

"डॉक्टर हर्षदा इंगवले," ते म्हणाले. "पूर्ण लिहा."

तिने पूर्ण लिहिलं. ते प्रत घेऊन बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

त्यांच्यामागे ऋजुता होती. ती कंपनीत नव्हती, तरी घरच्यांचीही तपासणी करायची असं ठरलं होतं. तिला वडिलांनीच सगळं सांगितलं होतं म्हणे, दोन दिवस धीर गोळा करून. तिने श्वास सोडला. सुरुवात, नोव्हेंबर २०३३. अंक एकोणचाळीस.

"साठाच्या खूप आत आहे," हर्षदा म्हणाली. "औषध वेळेवर घेतलंस तर मागे येईल. आता एकच प्रश्न राहिला. शिफारस कोणी केली?"

ऋजुताने व्हरांड्याकडे पाहिलं. "तुमचं नाव लिहा."

"तुला मी दिली नव्हती."

"बाबा हा कागद वाचणार. प्रत्येक कागद वाचतात ते, चष्मा लावून, खालपर्यंत. महिनाभर ते नीट बोलत नाहीयेत माझ्याशी. माझ्या ताटाकडे बघतात, मी खोकले की उठून येतात." तिने फॉर्मवरच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "तुमचं नाव सगळीकडे आहेच. अजून एका कागदावर लागलं तर तुम्हाला काय फरक पडतो?"

फरक काहीच पडत नव्हता. उलट हर्षदाला ते नाव तिथे हवं होतं. त्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं उचलून आपल्याकडे घ्यायची एवढी सोपी संधी पुन्हा आली नसती, आणि कोणाला कधी कळलंही नसतं. पेन कागदावर टेकलं होतं.

"मला तसं लिहायला आवडेल, ऋजुता," ती म्हणाली. "पण ते खरं नाही."

तिने 'वडील' असं लिहिलं. मुलीने तोंड फिरवलं. मग हर्षदाने त्याच ओळीखाली, समासात घुसून, बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: 'वडिलांना हे सुरक्षित असल्याची खात्री डॉ. हर्षदा इंगवले यांनी दिली होती. ती खोटी होती.' आणि कागद सहीसाठी पुढे केला.

ऋजुताने वाचलं, सही केली, आणि प्रत घेऊन बाहेर गेली.

रांगेतला पुढचा माणूस अजून आला नव्हता. हर्षदाला दारातून बाक दिसत होता. खैरनारांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. कागद अगदी खालपर्यंत वाचला. मग त्यांनी तो मुलीकडे परत न देता घडी करून खिशात ठेवला, तिच्या खांद्याला धरून उठले आणि दोघं सभागृहाच्या दाराशी आले. तिथून आत न येता त्यांनी विचारलं,

"पुढची तारीख काय?"

"सव्वीस."

"येतो आम्ही," ते म्हणाले. "दोघंही."